रात्रपाळी कोणाची?

सदाशिव पेठेतल्या स्वतःच्या घरात बसून आई रोज दिवेलागणीला विचारायची, "घरी कधी जायचं?" पहिले काही महिने मी समजावत असे, की हेच आपलं घर, हा देव्हारा तूच मांडलेला. मग मी चिडू लागलो. एकदा रात्री दोन वाजता तिला न्हाणीघरातून परत आणताना मी तिचा दंड इतक्या जोरात धरला, की सकाळी तिथे वळ दिसला. या विषयावरचं माझं वाचन त्या वळापासून सुरू झालं. आपल्या माणसाशी कोणी असं का वागतं आणि पूर्वीच्या घरांत हे सारं कसं निभावलं जात होतं, हे मला शोधायचं होतं.

सुरुवात भाषेपासून केली. म्हातारचळ, भ्रमिष्टपणा, दुसरं बालपण, साठी बुद्धी नाठी. स्मृती हरवलेल्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. त्याला सांभाळणाऱ्याच्या थकव्याला मात्र नाव सापडत नाही. आपल्याकडे 'सेवा' आहे आणि सेवेत थकणं बसत नाही; थकला तो कमी पडला, असा तिचा हिशेब. गंमत अशी, की आज सर्रास वापरला जाणारा 'बर्नआउट' हा शब्द सेवेकऱ्यांवरूनच रूढ झाला. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये तो वापरला, तो मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या माणसांची अवस्था सांगण्यासाठी. त्यात ध्येयाने झपाटलेली माणसंच आधी कोलमडत होती.

"पूर्वी एकत्र कुटुंब होतं, तेव्हा हे प्रश्न नव्हते," हे वाक्य पुण्यात हमखास ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तिशीच्या आसपास होतं. बालमृत्यूंमुळे हा आकडा खाली ओढला जातो हे खरं. तरीही ऐंशी गाठणारे थोडेच असत. आज सरासरी सत्तरीच्या घरात आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. आजार जुना आहे, पण त्याची इतकी मोठी संख्या नवी आहे.

आणि वाड्यात जे निभावलं जात होतं, ते कोण निभावत होतं? सुना, आणि त्यांच्याहून अधिक घरातल्या विधवा. माजघरातली आत्या किंवा काकू, जिला नाही म्हणायची सोय नव्हती. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी पुण्यात संस्था काढली, तेव्हा अशा कितीतरी बायका घरोघरी बिनपगारी राबत होत्या. त्यांच्या थकव्याची नोंद कुठल्याही घराच्या खतावणीत नाही. मला हे लिहिताना अवघडल्यासारखं होतं, कारण आमच्या घरीही पहिली दोन वर्षं रात्री पत्नीच उठत होती आणि "आईची सेवा करतोस हो," असं शेजारी मला म्हणत होते.

या सेवेला पाळी आणि पगार मिळाला, तोही पुण्यातच. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने, गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने, पुणे सेवासदन सुरू झालं. तिथल्या बायकांना परिचारिकेचं शिक्षण मिळावं म्हणून रमाबाईंनी खटपट केली. परक्या माणसाच्या अंगाला हात लावण्याचं काम घरंदाज बाईला शोभत नाही, असं मानणारा तो समाज होता. पण घरात फुकट केलेली शुश्रूषा पवित्र आणि रुग्णालयात पगार घेऊन केलेली हलकी, या समजुतीला तिथे तडा गेला. परिचारिकेचं काम संपतं. ती घरी जाते, झोपते आणि दुसऱ्या दिवशी ताजी होऊन येते. शंभर वर्षांपूर्वी रुग्णालयाने मान्य केलेली ही गोष्ट घराने अजून मान्य केलेली नाही.

अमेरिकेत स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळणाऱ्या २९ जणांना त्यांनी तुमच्यावर किती ओझं आहे असं विचारलं. रुग्ण किती विसरतो, किती विचित्र वागतो, यावर ओझं ठरत नव्हतं. घरी इतर नातलग किती वेळा येतात, यावर ते कमी-जास्त होत होतं. हे वाचलं आणि वाड्याचा चौक डोळ्यांपुढे आला. वाड्याने दिलेली खरी मदत कदाचित हीच होती. कोणीतरी येता-जाता डोकावत होतं, ओट्यावर म्हाताऱ्याशी दोन शब्द बोलत होतं. फ्लॅटचं दार बंद झालं आणि ते डोकावणं थांबलं.

ते पुन्हा उभं करता येतं, हे आपल्या शेजारी गोव्यात दिसलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या प्रयोगात ८१ कुटुंबं होती. थोडं प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते त्यांतल्या काही घरी सहा महिने नियमित जात, आजार समजावून सांगत, सांभाळणाऱ्याचं ऐकून घेत. रुग्णाचा आजार काही बरा झाला नाही. सांभाळणाऱ्यांचं मन मात्र लक्षणीय सावरलं.

हे सारं वाचून झाल्यावर मी घरात एक वही घातली. रात्री वाटून घेतल्या: चार माझ्या, दोन पत्नीच्या, शनिवारची धाकट्या भावाची. तो आधी "काही लागलं तर सांग" असं म्हणायचा. काहीच लागत नाही असं मीच सांगत आलो होतो, ही चूक माझी. दुपारी ब्यूरोकडून मावशी येऊ लागल्या. त्या वेळात मी भांडारकर रस्त्याने नुसता चालून येत असे. पहिल्या आठवड्यात पळून आल्यासारखं वाटलं, दुसऱ्या आठवड्यात नाही.

मावशींनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली. आईने विचारलं, "घरी कधी जायचं?" मावशी म्हणाल्या, "चहा घेऊन निघू की, आजी." आईने चहा घेतला आणि निघायचं विसरून गेली. इतकी साधी वाट मला दोन वर्षांत सुचली नव्हती. मावशी रात्रभर झोपून आल्या होत्या.