सरकीच्या वाटेने आलेलं बीटी

जनुक बदललेलं अन्न खावं की नाही, असा विषय निघाला की आपल्याकडे गाडी हमखास वांग्यावर येते. जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना त्यांनी २०१० च्या सुरुवातीला सात शहरांत (त्यात आपलं नागपूरही होतं) जनसुनावण्या घेतल्या. भरपूर आरडाओरडा झाला आणि ९ फेब्रुवारीला बीटी वांग्याला स्थगिती मिळाली. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की असलं काही आपल्या ताटात आलंच नाही.

मला गंमत वाटते ती इथेच. ते त्याच्या आठ वर्षं आधीच आलं होतं. सरकीच्या वाटेने!

कापूस म्हटलं की आपल्याला धागा आठवतो. पण वेचून आणलेल्या कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश, बाकीची सगळी सरकी. तिचं तेल रिफाइंड होऊन फरसाणात, वनस्पती तुपात जातं आणि ढेप जाते गाईम्हशींपुढे. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत देशातली नव्वद टक्क्यांच्या वर कपाशी बीटी झाली. म्हणजे सरकीचं तेलही तिचंच. त्यासाठी सात शहरांत कुणी सुनावण्या घेतल्या नव्हत्या.

आता हे बीटी म्हणजे काय ते थोडक्यात. मातीतला एक जिवाणू. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशमाचे किडे पटापट मरू लागले तेव्हा इशिवाता यांना तो सापडला. १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना पिठातल्या अळीत तोच मिळाला आणि थुरिंगिया प्रांतावरून त्याचं नाव पडलं. याचं प्रथिन अळीच्या पोटात गेलं की तिथल्या अल्कधर्मी रसात ते जागं होतं आणि आतड्याला भोकं पाडतं. आपल्या पोटात आम्ल असतं, शिवाय ते प्रथिन जिथे चिकटतं ती जागाच आपल्या आतड्यात नसते. सेंद्रिय शेतीवालेसुद्धा हा जिवाणू फवारतात. कपाशीत फरक एवढाच, की प्रथिन बनवण्याची विद्या थेट झाडातच घातली. रिफाइंड तेलात तर प्रथिन जवळजवळ उरतच नाही. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये तोवरचे अभ्यास चाळून सांगितलं, की बाजारातल्या जीएम अन्नाने माणसाला अपाय झाल्याचा ठोस पुरावा नाही. मला स्वतःला ते पटतं. ताटाची भीती मी बाळगत नाही.

आणि फायदा? तोही झाला. २००१ मध्ये गुजरातेत बोंडअळीने कपाशी फस्त केली, तेव्हा काही शेतं मात्र हिरवीगार उभी राहिली. तपासलं तर नवभारत १५१ नावाच्या वाणात विनापरवाना बीटी जनुक निघालं. ते पीक जाळायचा हुकूम निघाला, पण शेतकरी कशाला जाळतील? त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्या मार्चमध्ये अधिकृत परवानगी आली. २००२-०३ मध्ये देशात सुमारे १३६ लाख गाठी कापूस झाला होता. २०१३-१४ मध्ये जवळजवळ ४०० लाख. श्रेय एकट्या बीटीचं नाही. वाढलेलं क्षेत्र, गुजरातेतलं पाणी, नवे संकर, नवी औषधं हेही त्यात आलं. पण बोंडअळीवरच्या फवारण्या पहिली काही वर्षं खूप कमी झाल्या, हे खरं.

मग बिघडलं कुठे? गुलाबी बोंडअळी जगते जवळपास फक्त कपाशीवर. सगळीकडे बीटीच लावलं तर विष पचवणाऱ्या तेवढ्या अळ्या उरणार आणि त्यांचीच प्रजा वाढणार. म्हणून नियम होता, की कडेने बिगर-बीटीच्या ओळी लावा, म्हणजे तिथले साधे पतंग या मोजक्यांशी जुळतील आणि प्रतिकार पातळ होईल. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं बियाणं मिळायचं. पण तीन एकर कोरडवाहूवाल्याने अळ्यांना चारायला ओळी का लावायच्या? ती पुडी बहुतेक ठिकाणी बांधावर पडली. त्यात आपल्याकडे बीटी आलं ते संकरित वाणांतून. बियाणं दरवर्षी विकत घ्या, पऱ्हाटी सहा-सहा महिने उभी, वर फरदड घेतली तर उन्हाळ्यापर्यंत अळीला जेवण चालूच.

२०१० मध्ये कंपनीनेच मान्य केलं, की गुजरातेत पहिल्या जनुकाला ही अळी दाद देत नाही. दोन जनुकांचं बियाणं २००६ मध्येच आलं होतं, पण २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात त्याचीही बोंडं किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या पऱ्हाटीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले.

आणि २०१८ मध्ये अमेरिकेने जाहीर केलं, की आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाली. तेच बीटी, तीच अळी! तिथे आधी बरीच वर्षं साध्या कपाशीचे पट्टे पाळले गेले, नंतर कोट्यवधी वांझ पतंग सोडले, आणि हंगाम संपला की शेत मोकळं करायची शिस्त ठेवली. यातलं काही झाडाच्या जनुकात नव्हतं. ते माणसांनी ठरवून केलं, आणि त्याचा खर्च एकट्यादुकट्या शेतकऱ्यावर टाकला नाही.

म्हणून आपला वाद मला अर्धवट वाटतो. बीटी वांग्याला बांगलादेशाने २०१३ मध्ये परवानगी दिली. आपल्याकडे मोहरीला २०२२ मध्ये मिळाली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. प्रत्येक वेळी आपण शहरातले खाणारे विचारतो, "मला काही होणार नाही ना?" प्रश्न रास्त आहे, विचारावाच. पण सरकीचं तेल खाऊन आपल्याला काही झालं नाही. जे झालं ते यवतमाळच्या शेतात पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला. पुढचं पीक येईल तेव्हा त्या साध्या बियाण्याच्या पुडीचं काय होणार, ती कोण लावणार आणि त्याचं नुकसान कोण भरून देणार, एवढं तरी आधी विचारलं पाहिजे.