बांबूची चौकट आणि मुलांचा खेळमाळा

बालवर्गाच्या खोलीत लाकडी खेळमाळा उभा केला की मुले पाटीपुस्तक सोडून त्याकडे धावतात. या माळ्याच्या पूर्वजांत एक गणितज्ञ आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. चार्ल्स हिंटन हे इंग्रज गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये शिक्षक होते. लांबी, रुंदी व उंची ही तीन परिमाणे मुलांच्या अंगी भिनावीत म्हणून त्यांनी घरच्या मुलांसाठी बांबूची चौकट बांधली. मुलांना अर्थातच गणितापेक्षा चढण्यात गोडी! त्यांचा मुलगा सेबॅस्टियन पुढे शिकागोत पेटंटचा वकील झाला. बालपणीची ती चौकट आठवून त्याने १९२० साली लोखंडी नळ्यांच्या ‘जंगल जिम’च्या पेटंटसाठी अर्ज केला व विनेटका गावच्या शाळेत ती उभी राहिली.

चढण्याची सोय अशी झाली, पण पडण्याचा विचार फार उशिरा झाला. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने क्रीडांगणांसाठी पहिली मार्गदर्शिका काढली ती १९८१ मध्ये. कठड्यातील फट साडेतीन इंचांहून मोठी व नऊ इंचांहून लहान असेल तर ती धोक्याची, असा दंडक आयोगाने घातला आहे. कारण मूल पाय पुढे करून शिरते, धड पार होते आणि डोके अडकते.

हे वाचून मी आमच्या बालवर्गातील माळा तपासला. नटबोल्ट दोन ढिले निघाले, ते आवळले. मग साडेतीन इंची ठोकळा कठड्यातून घालून पाहिला. दोन ठिकाणी तो आरपार गेला. सुतार येऊन पट्ट्या ठोकीपर्यंत शिडी काढून माझ्या टेबलामागे ठेवली होती.