हैदराबादेत जमिनीचा वापर ठरवतं कोण? प्लॉट घेण्याआधी एवढं माहीत असू द्या

नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर, आदिलाबाद या पट्ट्यात घरटी कुणी ना कुणी हैदराबादेत नोकरी-धंद्याला असतंच. दोन पैसे गाठीला जमले की संगारेड्डी नाहीतर शंकरपल्लीकडे प्लॉट बघणं सुरू होतं. एजंट सांगतो, 'ग्रामपंचायत लेआउट आहे, काळजी नको.' खरं तर काळजी तिथंच करायला हवी. तेलंगणात ग्रामपंचायतीला स्वतःच्या अधिकारात लेआउट मंजूर करता येत नाही. महानगर हद्दीत ते काम एचएमडीएचं, तर हद्दीबाहेर राज्याच्या नगररचना संचालनालयाचं म्हणजे डीटीसीपीचं.

एचएमडीए म्हणजे हैदराबाद महानगर विकास प्राधिकरण. मुंबईत एमएमआरडीए आली त्याच वर्षी, १९७५ मध्ये, हैदराबादेत 'हुडा' आली. २००८ मध्ये हुडा, सायबराबाद, विमानतळ आणि बुद्ध पूर्णिमा अशी चार प्राधिकरणं एकत्र करून एचएमडीए झाली. सुरुवातीला हद्द सात हजार चौरस किलोमीटरच्या वर होती. मार्च २०२५ मध्ये ती वाढवून साडेदहा हजारांच्या आसपास नेली. सध्याचा मुख्य आराखडा २०१३ साली मंजूर झाला असून तो २०३१ पर्यंतचा आहे. कुठली जमीन निवासी, कुठली संवर्धन झोनमध्ये, हे त्यात सर्व्हे नंबरनुसार ठरतं.

झोन बदलायचा असेल तर फाइल एचएमडीएतून राज्य सरकारकडे जाते आणि सरकार जीओ काढतं. आपल्याकडचा जीआर, तिकडचा जीओ. शेतजमीन बिगरशेती करण्याला तिकडे 'नाला' म्हणतात (ओढ्याचा नाला नव्हे, बरं का). ते महसूल खातं करतं. इथं बरेच जण फसतात: नाला झालं म्हणजे झोन बदलला असं होत नाही.

मग महापालिकेच्या हातात काय उरतं? बांधकाम परवानगी, रस्ते, गटारं, कर. ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार महानगर नियोजन समितीत दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायत अध्यक्षांमधून निवडलेले असायला हवेत. हैदराबादेत ही व्यवस्था कागदावरच राहिली आणि नियोजनाची सूत्रं सरकारकडे. एचएमडीएचे अध्यक्ष मुख्यमंत्रीच असतात. आमच्या मते तिथल्या बहुतेक गोंधळाचं मूळ यातच आहे, कारण गटार तुंबलं की लोक नगरसेवकाला धरतात, पण तिथं टॉवर उभा राहू द्यायचा का हे त्याला कुणी विचारलेलं नसतं.

जीओ १११ ची कथा बघा. सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात हजारो माणसं गेली. त्यानंतर निजामाच्या काळात विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने पूर अडवायचं काम हाती घेतलं गेलं आणि उस्मानसागर (लोकांचा गंडीपेट) व हिमायतसागर हे तलाव झाले. त्यांचं पाणलोट वाचवायला ८ मार्च १९९६ रोजी जीओ १११ निघाला. दहा किलोमीटर परिघातल्या ८४ गावांत कारखाने, मोठ्या वसाहती, मोठी हॉटेलं बंद. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका तेल कारखान्याला यातून सूट द्यायला नकार दिला. गावकऱ्यांचं दुखणंही खोटं नव्हतं. शेजारी गच्चीबावलीत जमिनीला सोन्याचा भाव, आणि यांच्या जमिनीला गिऱ्हाईक नाही. एप्रिल २०२२ मध्ये जीओ ६९ काढून निर्बंध सैल केले, पुढचे नियम ठरवायला मुख्य सचिवांची समिती नेमली. मे २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने जीओ १११ रद्द करायचं ठरवलं. निर्बंध घातले ते राज्याने, उठवायला निघालं तेही राज्यच. पंचायतींनी फक्त ठराव करायचे.

तलावांच्या बाबतीत अजून एक शब्द लक्षात ठेवा: एफटीएल, म्हणजे तलाव काठोकाठ भरल्यावर पाणी जिथवर पोचतं ती रेषा. दहा हेक्टरपेक्षा मोठ्या तलावाला तिच्यापासून ३० मीटर, लहान तलावाला ९ मीटर मोकळी पट्टी सोडावी लागते. जुलै २०२४ मध्ये बाहेरच्या रिंग रोडपर्यंतची अतिक्रमणं काढायला 'हायड्रा' ही राज्याची यंत्रणा आली आणि बुलडोझर फिरले. रजिस्ट्री होती, वीज मीटर होतं, घरपट्टी भरली होती, असं सांगणारी कुटुंबं रस्त्यावर आली. संगारेड्डी जिल्ह्यातल्या अमीनपूरला सुट्टीच्या दिवशी केलेल्या पाडकामावरून उच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांना चांगलंच फैलावर घेतलं. रजिस्ट्री एका खात्याची, परवानगी दुसऱ्याची, तलावाची मोजणी तिसऱ्याची; एकाची सही दुसऱ्याला बांधून ठेवत नाही.

म्हणून विसार देण्याआधी सर्व्हे नंबर घेऊन एचएमडीएच्या आराखड्यात झोन बघा, लेआउट परवान्याचा नंबर मागा, प्रकल्प मोठा असेल तर तेलंगणा रेरात नोंद आहे का ते पाहा. जवळ तलाव असेल तर एफटीएलचा नकाशा मागाच. प्लॉट 'एलआरएस'मध्ये नियमित होईल असं सांगितलं तर आधी तारीख विचारा: २०२० ची ती योजना २६ ऑगस्ट २०२० पर्यंत नोंदलेल्या प्लॉटांसाठीच होती. आणि भाव गजात सांगतात. १२१ गज म्हणजे आपला एक गुंठा.