नाम आणि स्थान : महाजालावरील पत्त्यांच्या रचनेचा इतिहास

संशोधनपर लेखातील तळटीप ही वाचकाला दिलेली हमी असते. विधान ज्या आधारावर उभे आहे तो आधार वाचकाला स्वतः पडताळून पाहता यावा, हा तिचा हेतू. छापील ग्रंथाच्या बाबतीत ग्रंथनाम, आवृत्ती व पृष्ठांक एवढ्यावर ही हमी पाळली जाते. आधार महाजालावर असेल, तर मात्र ती सर्वस्वी एका पत्त्यावर विसंबते. या पत्त्यांच्या रचनेचा इतिहास म्हणूनच विद्याव्यवहाराच्या इतिहासाचाही भाग ठरतो.

जिनेव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली महाजालाची कल्पना मांडली. पुढे डिसेंबर १९९४ मध्ये दोन तांत्रिक निवेदने लागोपाठच्या क्रमांकांनी प्रसिद्ध झाली. १७३८ क्रमांकाच्या निवेदनाने ‘यूआरएल’, म्हणजे स्थानदर्शक पत्ता, याचे व्याकरण निश्चित केले. १७३७ क्रमांकाच्या निवेदनाने ‘यूआरएन’, म्हणजे स्थाननिरपेक्ष व कायम टिकणारे नाव, यासंबंधीच्या अपेक्षा नोंदविल्या. नाम व स्थान भिन्न आहेत ही जाणीव, याचा अर्थ, आरंभीच होती. व्यवहारात मात्र स्थानालाच नामाची जागा मिळाली. घर बदलताच माणसाचे नावही बदलावे, तशी अवस्था झाली.

कोश, सूची, शोधयंत्रे अशा ऑनलाइन साधनांच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होती. त्यांच्या पत्त्यांत आज्ञावलीचे नाव, तिचा प्रकार, प्रश्नचिन्ह व त्यापुढे संकेतांची मालिका असे. आज्ञावली बदलली की पत्ताही मृत होई. राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये अपाची सर्व्हरसाठी लिहिलेल्या ‘मॉड-रीराइट’ या साधनामुळे बाहेरचा पत्ता व आतली यंत्रणा यांची फारकत करणे सुलभ झाले. ‘कोश/शब्द/पाऊस’ असा पत्ता वाचकाला कळतो, लक्षात राहतो, आणि आत कोणतीही आज्ञावली असली तरी तोच राहू शकतो.

तथापि वाचनीयतेलाही मर्यादा आहे. १९९८ मध्ये लिहिलेल्या टिपणात बर्नर्स-ली यांनी पत्त्यातून लेखकाचे नाव, विषय, दर्जा व आज्ञावलीचा प्रकार वगळण्याचा सल्ला दिला; निर्मितीची तारीख मात्र त्यांना चालत होती, कारण ती बदलत नाही. या सल्ल्यामागील तत्त्व भाषाभ्यासकाला परिचित आहे. शब्द जितका अर्थवाही, तितका तो अर्थांतराला बळी पडण्याचा संभव अधिक. विभागाचे नाव बदलते, विषयांची वर्गवारी बदलते, आणि काल सुबोध असलेला पत्ता आज असत्य ठरतो.

यावर उपाय म्हणून अर्थशून्य संकेतांचा मार्ग पुढे आला. अमेरिकेतील ओसीएलसी या ग्रंथालयसंस्थेने १९९५ मध्ये ‘पर्ल’ ही मध्यस्थ पत्त्यांची व्यवस्था सुरू केली. २०१६ मध्ये ती इंटरनेट आर्काइव्हकडे गेली. संशोधनलेखांना मिळणारा, ‘१०.’ने आरंभ होणारा ‘डीओआय’ क्रमांक २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. परंतु लेखाचे स्थान बदलल्यावर नोंद कोणी तरी सुधारावीच लागते. संकेत स्वतःहून टिकत नाही. तो टिकविला जातो. या दक्षतेच्या अभावाचे फळ हार्वर्डमधील अभ्यासकांच्या २०१४ च्या पाहणीत दिसले. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांतील निम्मे दुवे मूळ उद्धृत मजकुरापर्यंत पोहोचत नव्हते.

मराठीपुढे आणखी एक प्रश्न आहे. जानेवारी २००५ मधील ३९८७ क्रमांकाच्या निवेदनाने पत्त्यात इतर लिप्यांना स्थान दिले आणि २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन उपलब्ध झाले. तरीही पत्त्याच्या मार्गातील ‘मराठी’ हा शब्द प्रेषणासाठी ४५ रोमन चिन्हांत रूपांतरित होतो, आणि तळटिपेत कित्येकदा तेच अवाचनीय रूप उतरते. शिवाय ‘दऱ्या’ यातील अर्धा रकार दोन प्रकारे संकेतबद्ध करता येतो. डोळ्यांना एकच दिसणारे दोन पत्ते यंत्राला भिन्न असतात.

या इतिहासावरून एवढे स्पष्ट होते की, वाचनीयता हा रचनेचा गुण असला तरी स्थैर्य हे संस्थेने दिलेले वचन आहे. कोश किंवा हस्तलिखितसूची महाजालावर आणणाऱ्या विद्यापीठविभागाने पत्त्यात अल्प, अविकारी व सुबोध शब्द योजावेत, एकाच लेखनरूपाचा आग्रह धरावा, आणि स्थलांतरानंतरही जुना पत्ता नव्याकडे वळवीत राहण्याची जबाबदारी नेमून द्यावी. तसे न झाल्यास पुढील पिढीच्या हाती तळटिपा राहतील, पण त्यांचे आधार राहणार नाहीत.