बटाटा : थंड रात्री आणि भुसभुशीत माती

बटाटा जमिनीत वाढतो म्हणून त्याला मूळ समजले जाते. प्रत्यक्षात ते भूमिगत खोड आहे. त्यावरचे ‘डोळे’ म्हणजे खोडावरील कळ्या. रोपाच्या बुंध्यापासून जमिनीत आडव्या फांद्या फुटतात. पानांनी तयार केलेले अन्न त्यांच्या टोकांशी पिष्टाच्या रूपात साठते आणि ती टोके फुगून बटाटा होतो. मूळच्या अँडीज पर्वतातील या पिकाचे मराठी नाव पोर्तुगीज भाषेतून आले आहे.

पीक कसे येईल, हे मुख्यतः तापमानावर ठरते. बटाटे पोसण्यासाठी १७ ते २० अंश सेल्सिअस तापमान उत्तम. रात्री उष्ण राहिल्यास पाने भरघोस वाढतात, पण बटाटे पोसत नाहीत. ३० अंशांच्या आसपास त्यांची वाढ जवळजवळ थांबते.

सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातील पुसेगाव परिसरात पावसाळी बटाटाही घेतला जातो. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर (नवे नाव ईश्वरपूर) हा मात्र उसाचा प्रदेश. येथे पूर्वहंगामी उसात आंतरपीक म्हणून बटाटा सोयीचा ठरतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत लावलेला ऊस थंडीत सावकाश वाढतो. तेवढ्या अवधीत, ९० ते १०० दिवसांत, बटाटा निघतो आणि उसाला जागा मोकळी होते. लागवड डिसेंबरात गेली, तर बटाटे पोसण्याच्या वेळी फेब्रुवारीची ऊब सुरू होते व ते लहान राहतात.

दुसरी अडचण जमिनीची. बटाट्याला मध्यम, भुसभुशीत व पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते. कृष्णाकाठच्या भारी काळ्या मातीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही आणि बटाटे कुजतात. ती सुकली की भेगा पडतात. भेगांतून ऊन लागलेला बटाटा हिरवा पडतो व त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. उघड्या बटाट्यावर पतंग अंडी घालतात आणि अळ्या तो पोखरतात. म्हणूनच सरी-वरंब्यावर लागवड, हलके पण वारंवार पाणी आणि वेळेवर मातीची भर या तीन गोष्टी टाळता येत नाहीत.

सर्वांत मोठा खर्च बियाण्याचा. हेक्टरी १५ ते २० क्विंटल बेणे लागते. मावा किडीमुळे पसरणारे विषाणुरोग येथील हवेत आटोक्यात राहत नाहीत, म्हणून निरोगी बेणे प्रामुख्याने पंजाबातून आणावे लागते. नुकताच काढलेला बटाटा आठ-दहा आठवडे सुप्तावस्थेत असतो. तो लगेच लावून उपयोग नसतो. ‘कुफरी ज्योती’, ‘कुफरी पुखराज’ आणि लवकर तयार होणारा ‘कुफरी लवकर’ हे महाराष्ट्रातील परिचित वाण आहेत.

ढगाळ, दमट व थंड हवेत करपा काही दिवसांत शेत काळे करतो. आयर्लंडमध्ये १८४५ पासून पडलेल्या दुष्काळाच्या मुळाशी हाच रोग होता. प्रतिबंधक फवारणी त्यामुळे डाग दिसण्यापूर्वीच करावी लागते. काढणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी तोडल्यास साल पक्की होते आणि बटाटा टिकतो.