दहाच का? वाढत्या अ‍ॅरेची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय.

बीटेक झाल्यावरची माझी पहिलीच मुलाखत. तयार काही न वापरता, बोर्डावर स्वतःची अ‍ॅरे लिस्ट लिहायची होती. मी लिहिलं: अ‍ॅरे भरला की दहा जागा जास्त असलेला नवा अ‍ॅरे घ्यायचा आणि जुनं सगळं त्यात कॉपी करायचं. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, “दहाच का?” मला उत्तर आलं नाही. नोकरीही मिळाली नाही.

आधी हे बघा, की कॉपी करावीच का लागते. अ‍ॅरेच्या जागा मेमरीत शेजारी-शेजारीच असाव्या लागतात. ट्रेनमध्ये दहा मित्र सलग दहा सीटवर बसलेत, अकरावा आला, पण पुढची सीट दुसऱ्याची. सगळ्यांना एकत्रच बसायचं असेल तर बॅगा उचला आणि दुसऱ्या डब्यात चला.

बऱ्याच भाषांनी ही कटकट टाळलीच. 1957 मध्ये आयबीएम 704 साठी फोर्ट्रान आली. तिच्यात अ‍ॅरे केवढा हे आधीच सांगायचं. कमी पडला तर आकडा बदलून प्रोग्राम पुन्हा कंपाइल करा! पास्कलमध्ये तर आकार हा टाइपचाच भाग होता, त्यामुळे दहाच्या अ‍ॅरेसाठी लिहिलेलं फंक्शन वीसच्या अ‍ॅरेला चालायचं नाही. ब्रायन कर्निगन यांनी 1981 मध्ये यावर चांगलंच वैतागून लिहिलंय.

आता जावा. 1996 मधल्या पहिल्या आवृत्तीत व्हेक्टर होता. तो भरला की दुप्पट व्हायचा. पण त्यात एक जास्तीची सोय होती: दर वेळी किती जागा वाढवायच्या ते तुम्हीच सांगा. तिथे 10 लिहिलं की झालं, माझंच उत्तर! (हे मला मुलाखतीआधी माहीत असतं तर निदान वाद तरी घातला असता.) 1998 मध्ये जावा 1.2 सोबत जोशुआ ब्लॉक यांचं कलेक्शन्स फ्रेमवर्क आलं आणि त्यातल्या अ‍ॅरेलिस्टमधून ती सोय गायब. सुरुवातीची जागा तेवढी तुम्ही सांगायची, पुढे किती वाढायचं ते लिस्ट ठरवणार. साधारण दीडपट.

का? गणित करून बघितलं. 10 जागांपासून सुरुवात, एक लाख नोंदी. दर वेळी दहा वाढवल्या तर जवळपास 50 कोटी वेळा कॉपी. दुप्पट करत गेलं तर फक्त 1,63,830. एखादी कॉपी मोठी असते, पण तिचा खर्च सगळ्या नोंदींवर हप्त्यांसारखा वाटला की प्रत्येकीच्या वाट्याला किरकोळ येतो. या हिशोबाला ‘अमोर्टाइज्ड’ म्हणतात. रॉबर्ट टार्जन यांनी 1985 च्या पेपरमध्ये तो नीट मांडला.

त्या रात्री घरी बसून पुन्हा कोड लिहिला, या वेळी दीडपट. सुरुवात एका जागेपासून केली आणि लिस्ट तिथेच अडकली. एकाचा अर्धा, पूर्णांकात, शून्य! जावाच्या जुन्या कोडमध्ये दीडपट केल्यावर शेवटी ‘अधिक एक’ लिहिलेलं असायचं. ते कशासाठी, हे तेव्हा कळलं.