हीथ्रोहून लंडन : मोटारीची आगाऊ नोंदणी

हीथ्रो विमानतळ लंडनच्या मध्यभागापासून सुमारे २४ किलोमीटर अंतरावर आहे. तेथून शहरात जाण्यासाठी चालकासह खासगी मोटार मिळते. मात्र १९९८ च्या कायद्यान्वये ती परवानाधारक संस्थेकडे आगाऊ नोंदवावी लागते. आयत्या वेळी प्रवासी घेण्याची मुभा काळ्या टॅक्सींनाच आहे. नोंदणी करताना विमानाचा क्रमांक व टर्मिनल कळवावे, म्हणजे विलंब झाल्यास चालकाला वेळ बदलता येते. भाडेही आधीच ठरवून घ्यावे. चालक नावाची पाटी घेऊन आगमन कक्षात थांबतो. त्याचा बिल्ला व गाडीचा क्रमांक पडताळावा. आपणहून ‘टॅक्सी हवी का?’ असे विचारणाऱ्यासोबत जाऊ नये. विनानोंदणी फेरी बेकायदा ठरते आणि अपघात झाल्यास सहसा विम्याचे संरक्षणही मिळत नाही.